पान तेवीस पाहावे

४ सप्टेंबर २००१, मंगळवार. पहाटे ५.४०

ही वही फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खोटे लिहिण्याचे कारण नाही.

काल कौटुंबिक न्यायालयात पद्मजाने आणि मी परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सह्या केल्या. मूलबाळ नसल्याने प्रकरण सुटसुटीत आहे, असे वकील म्हणाले. पुढची तारीख ११ मार्च. मधले सहा महिने कायद्यानेच फेरविचारासाठी ठेवले आहेत. त्या दिवशी दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटले तरी अर्ज बारगळतो. म्हणजे कायदा माझ्या बाजूने आहे. (नोंद: तो दोघांच्याही बाजूने आहे. पण फेरविचाराची तयारी सध्या एकाचीच दिसते.)

कारण मी शोधून काढले आहे. विमा कंपनीत एकवीस वर्षे दावे तपासतो. त्रुटी कुठे आहे ते मला दिसते. जूनमध्ये घर सोडून वारज्याला जाताना पद्मजा म्हणाली होती, "अकरा वर्षं मी हे पुस्तक लिहीत होते. छापून तीन वर्षं झाली. त्यात काय आहे, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत." बाकी काहीही म्हणाली नाही. म्हणजे त्रुटी एकच. पुस्तक वाचलेले नाही. त्रुटी दूर केली की दावा मंजूर होतो.

पुस्तक: 'दख्खनचे नदी-उतार'. अठराव्या शतकात लोक नद्या कशा ओलांडत, कुठे पायी, कुठे नावेतून, नावाडी कोण, नाव चालवायचा हक्क कोणाचा. पाने ६१२. पहिली प्रत तिने मला दिली होती. मी त्याच दिवशी खाकी कव्हर घातले, लेबल चिकटवले आणि धूळ बसू नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवली. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

दिवस १८८. रोज साडेतीन पाने. तेरा दिवस शिल्लक राहतात. ते चिंतनासाठी.

५ सप्टेंबर. पहाटे ५.३०

ऋणनिर्देशापासून सुरुवात. त्रेचाळीस जणांचे आभार. मी सर्वांत शेवटी, म्हणजे मानाच्या जागी. "माझे पती श्री. अनंत यांनी या कामात कधीही व्यत्यय आणला नाही." खरे आहे. अकरा वर्षांत एकदाही नाही. वाचून भरून आले.

मुख्य मजकूर: पान १. पहिले वाक्य सात ओळींचे. उद्या पुन्हा.

८ सप्टेंबर

पान ३. गणपतीचे लाउडस्पीकर हे कारण आता देता येत नाही. मागच्या शनिवारीच विसर्जन झाले. पेठ इतकी शांत आहे की लक्ष लागत नाही. पद्मजा पलीकडच्या खोलीत टाइप करायची तेव्हा माझा पेपर अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून व्हायचा.

१९ सप्टेंबर, बुधवार

मोठा निर्णय. एम.ए. इतिहास, बहिःस्थ, फॉर्म भरला. नवरा म्हणून वाचण्यात शिस्त राहत नाही. विद्यार्थी म्हणून राहील. शिवाय संदर्भग्रंथांच्या यादीत तिचे पुस्तक चौदाव्या क्रमांकावर आहे. वय सेहेचाळीस, पण फॉर्मवर वयाची अट नाही. दोनदा पाहिले.

रांगेत पुढे हेमा नावाची बाविशीतली मुलगी. आमच्याच मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहते. तिने विचारले, "काका, मुलीचा फॉर्म भरताय का?" म्हटले, माझाच. "अय्या, सॉरी! भारी की!" मग मी सांगितले, यादीत चौदा नंबरवर आहेत त्या माझ्या मिसेस. ती म्हणाली, "मग काय, तुमचं सगळं घरातच होईल." मी हो म्हणालो. घरी आल्यावर हे वाक्य स्वतःशी तपासले. खोटे नाही. पुस्तक घरातच आहे.

२ ऑक्टोबर. सुट्टी

पान ११. टाइमटेबलप्रमाणे १०१ हवे होते. नवे टाइमटेबल केले, दोन रंगांत, फूटपट्टीने. तीन तास गेले, पण चित्र स्पष्ट झाले. आता रोज चार पाने. जुन्यापेक्षा फक्त अर्धे पान जास्त. महिनाभराच्या दिरंगाईला शिक्षा अर्ध्या पानाची. माझ्या सेक्शनला इतकी सौम्य शिक्षा कोणी दिलेली नाही.

वेळ झाल्याने आज वाचन नाही.

२६ ऑक्टोबर. दसरा

पान १९. सरस्वतीपूजन केले. पाटावर 'नदी-उतार' ठेवले. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पाने. पूजेत ठेवलेले पुस्तक त्या दिवशी उघडायचे नसते. लहानपणी या एका नियमासाठी दसरा दिवाळीपेक्षा आवडायचा. आजही जीव हलका झाला. हे प्रामाणिकपणे नोंदवतो, पण त्यावर विचार करत नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

पुस्तक अजून पाटावरच होते. दरवर्षी उचलायची पद्मजा. नेमके कधी उचलायचे, अक्षता टाकून की नुसतेच, हे मी कधी पाहिले नव्हते. चूक नको म्हणून थांबलो. आज खालचे दीनानाथराव पेपर मागायला आले, पाटाकडे बघून म्हणाले, "अनंतराव, गणपती दहा दिवसांचा असतो. पुस्तक किती दिवसांचं बसवलंय?" ते गेल्यावर उचलले. झेंडू वाळला होता.

२० नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाडव्याला वारज्याला फोन केला. म्हणालो, शुभेच्छा. पद्मजा म्हणाली, "तुम्हालाही." मग दोघांपैकी कोणीही लगेच फोन ठेवला नाही. हे चांगले लक्षण आहे. रागावलेले माणूस फोन ठेवते.

आज हेमा आली होती. तिने लायब्ररीतून पुस्तक आणून नऊ दिवसांत संपवले म्हणे. नऊ दिवसांत ६१२ पाने वरवरचीच वाचून होणार. तिला तसे सौम्यपणे सुचवले. ती म्हणाली, "काका, मला वाटलं बोअर होईल. पण ते नद्यांबद्दल नाहीच आहे. सगळी माणसं काठावर थांबलीयेत, दोन-दोन दिवस. त्या थांबण्याबद्दल आहे." तिचा विषय समजण्यात गोंधळ झालेला दिसतो. सूचीत पाहिले. 'थांबणे' अशी नोंद नाही.

मॅडमना भेटता येईल का, असे तिने विचारले. सध्या कामात आहेत, म्हणालो. मग तिला ऋणनिर्देशातले माझ्यावरचे वाक्य दाखवले. तिने वाचले. पुन्हा वाचले. मग म्हणाली, "निघते काका, चहा नको." चहा मी ठेवलाच नव्हता.

९ डिसेंबर, रविवार

आज मार्ग सापडला. तीन महिने मी चुकीच्या टोकाकडून जात होतो.

सूची चाळताना सहज एक नोंद ताडून पाहिली. सूचीत पान २१२, प्रत्यक्षात २१३. दुसरी पाहिली. तीही चूक. अंगावर काटा आला. पद्मजाच्या पुस्तकाला शुद्धिपत्र नाही! छपाईच्या घाईत राहून गेले असणार. ते मी करीन. लिहिणाऱ्याला अभिप्राय काय कोणीही देईल. पानोपान बसून चुका कोण शोधील? ज्याला त्या पुस्तकाबद्दल काही वाटते तोच.

यासाठी पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही, ही आणखी एक सोय. सूची, टिपा आणि तारखा मागच्या बाजूने तपासता येतात. जुन्या कालगणनेच्या तारखा इंग्रजीत बदलायची जंत्री उद्या आणतो.

३० डिसेंबर

चुका १३१. ऑफिसातून पाच दिवस रजा घेतली. इतक्या आनंदात मी कित्येक वर्षांत नव्हतो. जेवायचे भान राहत नाही. पद्मजाचेही असेच व्हायचे, तेव्हा मी चिडायचो.

विशेष म्हणजे सतरा तारखा बरोबर एका दिवसाने चुकल्या आहेत. सगळ्या मुसलमानी महिन्यांच्या. एकच चूक सतरा वेळा, म्हणजे पद्धतीतच दोष. बिचारीच्या लक्षात आणून देणारे घरात कोणी नव्हते.

घरात मी होतो. असो.

१४ जानेवारी २००२. संक्रांत

शुद्धिपत्र पूर्ण. फुलस्केप चौदा कागद, १४६ नोंदी, लाल शाईने समास. सोबत तिळगुळाची पुडी. स्कूटरवर वारज्याला नेऊन दिले.

पद्मजा घरी नव्हती. घरमालक हिंदुराव अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. म्हणाले, "बाई दफ्तरात गेल्यात, जुनं कागूद बघाया. तुमी कोन?" मी म्हणालो, त्यांचे मिस्टर. त्यांनी मला नीट पाहून घेतले. "आसं व्हय. बसा की. मग तुमाला ठावंच आसंल, आमची आई हाय त्या पुस्तकात. मथुराबाई. पान पाश्शे एक्क्याऐंशी. पूल नव्हता तवा हितनं मुठेपल्याड कसं जायाचं, समदं सांगितलंय तिनं. बाई आठ दिस येऊन बसल्या व्हत्या आईपाशी. ती वळख म्हनून तर खोली दिली."

मी म्हणालो, पुस्तक चालू आहे, अजून तिथपर्यंत आलो नाही.

"सावकाश वाचा," ते म्हणाले. "मी चवथी शिकल्याला. दोनदा वाचलं. येळ लागतो."

घरी येऊन परिशिष्टातले पान ५८१ काढले. मथुराबाईंचा फोटो आहे. नऊवारी, हातात काठी, नदीकडे बोट. त्या पानावर एकही चूक सापडली नाही.

२४ जानेवारी

शुद्धिपत्र पोस्टाने परत आले. तिच्या हातची पेन्सिल! एकतीस नोंदींसमोर "बरोबर. आभार." बाकीच्यांवर बारीक फुल्या. आणि सतरा तारखांना मिळून एक मोठा कंस, त्यापुढे: "पान तेवीस पाहावे."

चार महिन्यांत तिचे अक्षर पाहिले नव्हते. 'आभार' हा शब्द एकतीस वेळा आहे. ज्या माणसाशी संबंध संपवायचे आहेत त्याला एखादी बाई एकतीस वेळा आभार लिहील का? एकदा लिहून खाली रेघा मारता आल्या असत्या. आणि 'पाहा' नाही, 'पाहावे'. कुठलेतरी दार उघडे आहे.

पान तेवीस उद्या, ताज्या डोक्याने.

२५ जानेवारी. पहाटे ५.३०

पान २३. उतरवून घेतो.

"मुसलमानी महिन्याचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून सायंकाळनंतर घडलेल्या घटना जंत्रीतील तारखेच्या एक दिवस आधीच्या धरल्या आहेत. पुढे सर्वत्र असेच समजावे."

म्हणजे सतराही तारखा बरोबर होत्या. सांगून, कारण देऊन, बरोबर होत्या.

मी १९व्या पानावर थांबलो होतो. हे मी कोणाला सांगितले नव्हते. आता तिला माहीत आहे. मी चौदा कागद माझ्या सुवाच्य अक्षरात भरून, लाल समास आखून, तिळगुळासकट तिला नेऊन दिले, की बघ, मी तुझे पुस्तक वाचलेले नाही.

दावेदाराने पॉलिसी न वाचता सही केली असेल तर मी त्याला जे सुनावतो, ते आज स्वतःला मोठ्याने म्हणून पाहिले. फार वाईट बोलतो मी लोकांशी.

पंचेचाळीस दिवस. ६१२ पाने. रोज चौदा. पहिल्यापासून, पेन्सिल न घेता.

६ फेब्रुवारी

पान ७४. सात ओळींचे पहिले वाक्य मोठ्याने वाचले की कळते. नदी उतरणाऱ्या माणसासारखे आहे, एकेक पाय चाचपत टाकलेले. टाइमटेबलच्या बरेच मागे. नवे केले नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

पान १५२. नावेतून काय काय गेले त्याची यादी दीड पानाची: पालख्या, तोफेचे चाक, आजारी गाय, नव्या नवरीचा पोपट. पोपटाला उतारू धरायचे की सामान, यावर नावाडी आणि वऱ्हाड यांचे भांडण सरकारात गेले होते. मी एकटाच हसलो. मग आठवले, एका संध्याकाळी पद्मजा खोलीत अशीच एकटी हसली होती. मी पेपरमागून विचारले होते, काय झालं? ती म्हणाली होती, पोपट. मी बरं म्हणालो होतो.

हेमा आली. तिला सगळे खरे सांगितले. वारजे, कोर्ट, तारीख. ती म्हणाली, "काका, पण तुम्ही परीक्षेसाठी वाचताय की मॅडमसाठी?" म्हटले, मॅडमसाठी. ती म्हणाली, "आणि त्यांना ते हवंय का?" बाविसाव्या वर्षी माणसे काहीही विचारतात. उत्तर ११ मार्चला मिळेल.

१० मार्च, रविवार

पान ३३८. राहिली २७४. आज दिवसभर बसलो तरी संपणार नाही. पण निराश नाही. आता मला बोलता येण्यासारखे काहीतरी आहे.

आज वाचले ते: गेनबा नावाचा नावाडी. नदीला पूर, कोणालाही पलीकडे नेऊ नये अशी ताकीद. तरी त्याने एका अडलेल्या बाईला पार नेले. बाई जगली, मूल जगले, आणि याची नाव काढून घेऊन हक्क दुसऱ्याला दिला. त्यानंतर तो रोज काठावर येऊन बसू लागला, असे गावच्या पाटलाने वर लिहून कळवले आहे. एवढेच. पाटलाने हे का कळवावे?

पद्मजाला विचारायचे. उद्या कोर्टात मुदतवाढही मागायची. कारण रास्त आहे. वेळ आलीच तर 'नाही' म्हणायचे. तो माझा हक्क आहे.

११ मार्च २००२, सोमवार. सायंकाळ ५

क्रमाने लिहितो.

दहाला पोहोचलो. पद्मजा बाकावर बसली होती. केस कापलेत. मी शेजारी बसलो आणि दुसरे काही न बोलता विचारले, गेनबाबद्दल पाटलाने का कळवलं?

ती वळली. म्हणाली, "तीनशे अडतीस?" आणि मग वीस मिनिटे बोलत होती. तो कागद दुसऱ्याच एका हिशेबाच्या कागदाच्या पाठीला चिकटलेला होता. वाफ देऊन सोडवायला दोन दिवस लागले. "पाटलाला काही मागायचं नव्हतं हो. त्याला ते बघवत नव्हतं, म्हणून कळवलं. सरकारी कागदात असं कुणी लिहीत नाही. अकरा वर्षांत मला एकच मिळाला." बोलताना तिचे दोन्ही हात चालू होते. बाकावरचे एक जोडपे भांडण थांबवून ऐकू लागले. मला वाटले, जिंकलो.

मी म्हणालो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

"सांगितलं होतं. सापडलं त्याच दिवशी. चपला काढायच्या आधी."

मग मी काय म्हणालो?

"आधी जेवून घेऊ, आमटी गार होतेय."

हे ती चिडून म्हणाली नाही. एखादी तारीख सांगावी तसे सांगितले. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. आमटी आठवत नाही, तिचा चेहरा आठवत नाही, तो दिवसच माझ्याकडे नाही.

पुकारा झाला. न्यायाधीश बाईंनी विचारले, मधल्या काळात काही बदल? मी उभा राहून म्हणालो, मुदत वाढवून मिळावी, पुस्तक अर्धे राहिले आहे. त्या म्हणाल्या, "कसलं पुस्तक?" वकिलांनी माझी बाही ओढली. मी म्हणालो, यांचं. बाईंनी पद्मजाकडे पाहिले. "त्यांनी पुस्तक पूर्ण केलं तर तुमच्या निर्णयात फरक पडेल?"

पद्मजा उत्तर देईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात मी संसाराची सतरा वर्षे पुन्हा नीट वागून घेतली.

ती म्हणाली, "त्यांनी वाचावं. चांगलं आहे ते. पण माझ्यासाठी नको."

मग मला विचारले, संमती कायम आहे का? 'नाही' तोंडात तयार होते, हे इथे नोंदवतो. पण बाकावर वीस मिनिटे जी बोलत होती ती बाई आमच्या घरात सतरा वर्षे होती, आणि माझ्या 'नाही'ने ती परत येणार नव्हती. आली असती ती जेवण वाढणारी. मी हो म्हणालो. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणायला लावले.

सह्या झाल्या. जिन्यात पद्मजाने विचारले, "स्कूटर आणलीये ना?" म्हटले, हो. "मग ठीक." ती रिक्षाने गेली.

१२ मार्च. पहाटे ५.३०

सवयीने जाग आली. पुस्तक घेऊन बसलो. कशासाठी ते सांगता येत नाही. तीन पाने झाली.

पान ३४१. गेनबाच्या बायकोचा अर्ज. नाव परत द्यावी, माणूस दिवसभर पाण्याकडे बघत बसतो, असे तिने कोणाकडून तरी लिहवून घेतले आहे. तिला नाव परत मिळाली का, ते पद्मजाला विचारावे म्हणून उठलो. फोनपर्यंत गेलो. अर्धा नंबर दाबला.

परत येऊन बसलो. पानाच्या खाली बारीक अक्षरात टीप आहे.

"यापुढील कागद मिळाला नाही."